आत्मा, भूक आणि पहिलं प्रेम: अलौकिक प्रेमकादंबऱ्यांतल्या श्रद्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हँपायर, पतित देवदूत, लांडग्याचं रूप घेणारी मुलं आणि त्यांच्या प्रेमात पडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुली. या कादंबऱ्यांवर गप्पा रंगल्या की कोण जास्त देखणा, हा वाद आधी होतो. तो संपला की कुणीतरी हळूच विचारतं, "पण त्याला आत्मा असतो का?" खालचे प्रश्न त्याच जातीचे आहेत. उत्तरांत काही कथानकं शेवटापर्यंत उघडी केली आहेत. ते चालणार नसेल तर आधी पुस्तक वाचा, मग इकडे या.

प्रेमकथेत देवाधर्माचं काय काम?

प्रेमकथेला अडथळा लागतो. पूर्वी घराणं, पैसा, वडिलांचा शब्द एवढ्यावर भागायचं. आजच्या तरुण वाचकाला वडिलांचा शब्द हा अडथळा वाटेनासा झालाय, म्हणून लेखक थेट मरणालाच मध्ये उभं करतो. आणि नायक न मरणारा निघाला की मरणानंतर काय, हा प्रश्न मागल्या दाराने आत येतोच. लेखक नास्तिक असला तरी येतो.

दुसरं कारण वाचकाच्या वयात आहे. घरात जे मानलं जातं ते मलाही पटतं का, हे माणूस पहिल्यांदा स्वतःशी विचारतो ते साधारण याच वयात. पहिलं प्रेमही तेव्हाच होतं. या कादंबऱ्या दोन्ही गोष्टी एकाच पात्राच्या अंगावर घालतात, आणि त्यांची पकड बरीचशी तिथूनच येते.

"त्याने आत्मा गमावलाय" म्हणजे नेमकं काय?

मराठी वाचक इथे हमखास अडखळतो, आणि त्यात त्याची चूक नाही. गीतेतला आत्मा शस्त्राने तुटत नाही, आगीत जळत नाही. मग तो हरवेल कसा? या कादंबऱ्यांतला 'सोल' मात्र ख्रिस्ती परंपरेतून आलेला आहे. तिथे प्रत्येकाला एकच आयुष्य, एकच आत्मा आणि शेवटी एकच निवाडा. आत्मा गमावणं म्हणजे देवाच्या सहवासाची आशा कायमची सुटणं. दोन्हीकडे शब्द 'आत्मा' असला तरी अर्थ वेगळे आहेत, आणि अनुवादात हा फरक चटकन नजरेआड होतो.

स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेत हा प्रश्न अगदी मध्यभागी आहे. पहिलं पुस्तक २००५ चं. नायक एडवर्डचा जन्म १९०१ चा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो मरणपंथाला लागलेला असताना डॉक्टर कार्लाइलने त्याला व्हँपायर केलं. त्याच क्षणी आपला आत्मा गेला, असं एडवर्डला मनोमन वाटतं, म्हणून तो आपल्या प्रेयसीला, बेलाला, व्हँपायर करायला तयार नाही. गंमत अशी, की ज्याने त्याला बदललं तो कार्लाइल पाद्र्याचा मुलगा आहे, देव मानतो, आणि आपल्यासारख्यांसाठीही काहीतरी असेल अशी आशा धरून आहे. बापाने कोरलेला लाकडी क्रूस त्याने तीनशेहून अधिक वर्षं जपून घरात लावलाय. व्हँपायरच्या भिंतीवर क्रूस! मालिकेतल्या श्रद्धेबद्दल मला एकच गोष्ट दाखवायला सांगितली, तर मी ती भिंत दाखवेन.

म्हणजे तत्त्वज्ञानाचा हा वाद दोन व्हँपायरांमधला आहे. एकाची खात्री आहे की आपण संपलो. दुसरा म्हणतो, कसं वागायचं ते अजून आपल्या हातात आहे, मग संपलो कसे? दुसऱ्या पुस्तकात एडवर्डला वाटतं की आपण मेलो, समोर बेला दिसतेय, आणि त्याच्या मनात येतं की कार्लाइलचं खरं होतं. आपल्याला स्वर्ग मिळू शकतो हे त्याला कळतं ते असं, गैरसमजातून. पुढे मालिका हा धागा जवळजवळ सोडूनच देते, आणि मला ते खटकतं. हजारेक पानं ज्या भीतीवर उभी होती, ती भीती शेवटी लग्नाच्या गडबडीत कुठेतरी ठेवल्यासारखी हरवते.

जाता जाता: मराठी बायबलमध्ये 'सॅल्वेशन'ला 'तारण' म्हणतात, आणि कर्जासाठी गहाण ठेवतो तेही तारणच. या नायिकांना दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात.

क्रूस दाखवला की व्हँपायर पळतो ना? मग तो देव मानतो असंच झालं की!

जुन्या गोष्टीत तसंच होतं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त पवित्र भाकरीचा तुकडा कपाळाला टेकवताच ड्रॅक्युलाच्या विळख्यात सापडलेली मीना भाजते, आणि ड्रॅक्युला मेल्यावर तो डाग निघून जातो. तिथे देवाची सत्ता विजेच्या तारेसारखी आहे. तुमचा विश्वास असो नसो, हात लावला की झटका बसणारच.

किशोर-तरुणांच्या आजच्या बहुतेक कादंबऱ्यांनी ही तार तोडली. क्रूस निरुपयोगी, लसूण हास्यास्पद, उन्हात व्हँपायर फार तर चमकतो. त्यामुळे कथा मोकळी झाली, पण पात्राला देवाचा पुरावा मिळणंही बंद झालं आणि तो विश्वासाचा प्रश्न उरला. श्रद्धेच्या दृष्टीने हा बदल मला चांगलाच वाटतो. पुरावा हातात असेल तर श्रद्धा कशाला लागते?

कॅसांड्रा क्लेअर यांच्या 'मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' मालिकेत मधला रस्ता आहे. सायमन हा ज्यू मुलगा व्हँपायर होतो आणि देवाचं नाव त्याच्या घशात अडकतं. उच्चारता येत नाही. बाहेरून कुणी काही दाखवायची गरजच नाही. जे त्याने लहानपणापासून आपलं मानलं तेच आता त्याला जड जातं. क्रूस पाहून पळणाऱ्या शंभर व्हँपायरांपेक्षा हा एक मुलगा जास्त लक्षात राहतो.

पतित देवदूत आणि नेफिलिम (देवदूत आणि माणसांची मुलं) ही लेखकांची कल्पना की धर्मग्रंथातलं काही?

मूळ फार जुनं आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला चारच ओळी आहेत: देवपुत्रांना मानवकन्या सुंदर दिसल्या, त्यांनी त्यांना बायका केलं, आणि त्या काळी पृथ्वीवर नेफिलिम होते. बस. एवढ्याशा जागेत इतकं मोकळं रान सोडलंय की पुढच्यांना राहवलं नाही.

'हनोखचं पुस्तक' या प्राचीन ग्रंथात हीच गोष्ट सविस्तर येते. इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च हा ग्रंथ पवित्र मानतं, बाकी बहुतेक ख्रिस्ती पंथ मानत नाहीत. त्यात दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात. जे करायचं ते सगळ्यांनी मिळून करू, अशी शपथ घेतात, कारण एकट्याने पाप अंगावर घ्यायची त्यांच्या म्होरक्याची हिंमत होत नाही. मग ते लग्नं करतात, माणसांना शस्त्रं बनवायला शिकवतात, डोळे रंगवायला शिकवतात (काजळ आणि तलवार एकाच गुन्ह्यात!), आणि त्यांची राक्षसी मुलं शेवटी माणसांनाच खायला लागतात.

आता हे २००९ च्या 'हश, हश' किंवा 'फॉलन' या पतित देवदूतांच्या प्रेमकादंबऱ्यांशी ताडून बघा. मूळ कथेत देवदूताचं प्रेम हा अपराध होता, आणि त्याची शिक्षा साऱ्या पृथ्वीने भोगली. नव्या कादंबरीत तेच प्रेम त्याचा उद्धार करतं. दोन-अडीच हजार वर्षांत गोष्ट पुरती उलटी झाली. मराठी वाचकाला हे उलटणं फारसं जाणवत नाही, त्याचं कारण भाषेत असावं. 'पतित' म्हटलं की आपल्या कानाला पुढचा 'पावन' आपोआप ऐकू येतो. इंग्रजीतल्या 'फॉलन'मागे तसं काही येत नाही. पडला तो पडला.

देवदूत इतके, मग देव कुठे असतो?

रजेवर. बहुतेक मालिकांत देवदूत भांडतात, नियम सांगतात, पंख पसरतात, आणि ज्याचे ते दूत तो कधीच बोलत नाही. कारण साधं आहे. तो बोलला तर नायिकेला ठरवण्यासारखं काही उरत नाही. काही लेखकांच्या हाती ही शांतता खरोखर जड होते. काहींच्या हाती ती निव्वळ सोय असते.

झोपलेल्या मुलीच्या खोलीत शिरून तिच्याकडे बघत बसणं, हे प्रेम की पाळत?

पाळत. फार वळसे घ्यायची गरज नाही.

पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही, कारण 'ट्वायलाइट'मध्ये एडवर्ड हेच करतो, बेलाला ते आवडतं आणि वाचणारीलाही त्या पानावर आवडतं. लेखिकेने नायकाला एक सोय मुद्दाम नाकारली आहे: बाकी सगळ्यांची मनं त्याला वाचता येतात, फक्त हिचं नाही. म्हणजे साऱ्या जगात ही एकच व्यक्ती अशी, जिला काय हवंय ते त्याला तिलाच विचारावं लागणार. केवढी सुंदर मांडणी! आणि तरी तो विचारत नाही. तिच्या भल्यासाठी म्हणून सोडून जातो. दुसऱ्या मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. पुढे सुधारतो, माफी मागतो, हे खरं. पण कथेचं माप एकतर्फी राहतं. त्याच्या रक्ताच्या भुकेला पाप म्हटलं जातं, आणि त्याच्या ताबा घेण्याला काळजी.

इथे श्रद्धेचा संबंध थेट येतो. आपल्या भल्याचं आपल्याहून अधिक कुणाला तरी कळतं आणि म्हणून त्याच्या हाती सगळं सोपवायचं, ही भक्ताची भूमिका आहे. देवापुढे ती शोभते. सतरा वर्षांच्या दिसणाऱ्या मुलापुढे तीच भूमिका घेतली की गडबड होते. 'हश, हश'चा नायक तर सुरुवातीला नायिकेला मारण्याच्याच बेतात असतो, कारण तिचा बळी दिला की त्याला मनुष्यदेह मिळणार असतो. तो बेत सोडतो याचं तिला (आणि आपल्याला) इतकं अप्रूप वाटतं की बेत होता हेच विसरायला होतं. मारलं नाही, ही किमान सभ्यता झाली. प्रेमाचा पुरावा म्हणून ती धरू नये.

तो शंभर वर्षांचा, ती सतराची. हे कुणालाच खटकत नाही?

खटकतं, आणि खटकायला हवं. "देह सतराचा आहे" हे उत्तर अपुरं आहे. शंभर वर्षं कुणी सतराचा राहिला असेल, तर त्याच्या वाढीचं काय झालं, हा खरा प्रश्न. लेखकाने तो अंगावर घेतला तर नायक करुण होतो. टाळला तर नुसता देखणा.

नशिबातच लिहिलेलं असेल तर त्याला प्रेम म्हणायचं का?

'ट्वायलाइट'मधल्या लांडग्यांना 'इम्प्रिंटिंग' होतं. एका क्षणात कुणीतरी दिसतं आणि ते जन्माचं बांधले जातात. निवड नाही, सुटका नाही. त्यांच्यातल्या सॅमचं लीयावर प्रेम असतं. तिची नात्यातली बहीण एमिली घरी येते, सॅमवर ते बंधन पडतं, आणि लीया मागे राहते. दोष कुणाचाच नाही, पण किंमत एकटीने मोजायची. पुढे ती त्याच टोळीत येते आणि टोळीची मनं एकमेकांना ऐकू जातात, म्हणजे रोज त्याच्या डोक्यातलं दुसरीचं प्रेम तिला ऐकावं लागतं. संपूर्ण मालिकेतली सगळ्यात नैतिक जागा मला हीच वाटते, आणि लेखिकेने तिला बाजूला ठेवलंय. तिच्यावर वेगळी कादंबरी व्हायला हवी होती.

नंतर त्याच टोळीतल्या जेकबचं इम्प्रिंटिंग नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर होतं. ती मोठी होईपर्यंत तो फक्त राखणदार असेल, असं पुस्तक सांगतं. तरी अनेक वाचक तिथेच पुस्तक मिटतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. ती मुलगी पुढे 'नाही' म्हणू शकेल का? मोकळेपणी 'नाही' म्हणता येत नसेल तर 'हो'ला अर्थ काय?

'फॉलन'मधली गाठ वेगळी आहे. तिथली ल्यूस सतराच्या आसपास पुन्हा पुन्हा मरते आणि पुन्हा जन्मते. प्रत्येक जन्मी तोच देवदूत, तेच प्रेम, तोच शेवट. साताजन्मांची गाठ आपल्याकडे आशीर्वाद म्हणून दिली जाते. तिथे ती शाप आहे. पुनर्जन्म मानणाऱ्या वाचकाने ही मालिका वाचली तर त्याला एक प्रश्न जास्तीचा पडतो: इतके जन्म झाले, आणि तिच्या कर्माने काहीच कसं बदललं नाही?

त्या लांडग्यांच्या दंतकथा खऱ्या जमातीच्या आहेत का?

'ट्वायलाइट'मधली लांडग्याचं रूप घेणारी मुलं क्विल्यूट जमातीची दाखवली आहेत, आणि ती अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली खरी जमात आहे. ला पुश हे त्यांचं खरं गाव. आपले पूर्वज लांडग्यांतून माणूस झाले, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. इम्प्रिंटिंग आणि व्हँपायरांशी पिढीजात वैर मात्र कादंबरीचं. इथे कोडं पात्रांचं नाही, लेखकाचं आहे. पाद्र्याच्या मुलाची श्रद्धा जपून, आदराने लिहायची आणि दुसऱ्या जमातीची श्रद्धा सजावटीला वापरायची, हे मला बरोबर वाटत नाही. काल्पनिक जमात रचता आली असती.

रक्त न पिण्याचा संयम म्हणजे आडून लैंगिक संयमाचा उपदेश आहे का?

थोडाफार आहे, पण नुसता तेवढाच नाही. मायर लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन पंथाच्या आहेत, आणि एडवर्डचा लग्नाआधी शरीरसंबंधाला नकार त्या पंथाच्या शिकवणीशी जुळतो. पहिल्या पुस्तकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकातलं वचन आहे, बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं फळ खाऊ नकोस असं सांगणारं. मुखपृष्ठावरचं सफरचंद तिथून आलंय.

पण लेखकाचा पंथ कळला की पुस्तकाची किल्ली सापडली, असं मानणं आळशीपणाचं आहे. रक्ताची भूक ही भूकच आहे. तिला व्यसन म्हणून वाचता येतं, राग म्हणून वाचता येतं. कार्लाइल आणि एडवर्डचं कलेन कुटुंब जनावरांच्या रक्तावर जगतं आणि स्वतःला गमतीने शाकाहारी म्हणवतं. यातला जॅस्पर रोज झगडतो आणि कधी कधी हरतो. कार्लाइलला आता मोहच होत नाही. कोण जास्त चांगला, ज्याला मोह होत नाही तो की ज्याला होतो आणि तरी जो थांबतो? माझं मत जॅस्परच्या पारड्यात.

अमरत्व मिळत असेल तर ते घेण्यात वाईट काय?

त्याची किंमत कोण मोजतं, ते बघा. ययातीला तारुण्य परत मिळालं, पण म्हातारपण पुरूच्या अंगावर गेलं. ग्रीक कथेतल्या टिथोनसला अमरत्व मिळालं, चिरतारुण्य मागायचं राहून गेलं, आणि तो झिजत झिजत जगत राहिला. जुन्या गोष्टींत हा हिशेब कुणाला चुकत नसे.

आजच्या कादंबरीत नायिका अमर होते तेव्हा आईवडिलांना काय सांगायचं, मुलं होतील का, अन्न म्हणून कुणाचा जीव जाणार, हे प्रश्न निदान उभे तरी राहायला हवेत. 'ट्वायलाइट' मालिकेच्या दुसऱ्या पुस्तकात, 'न्यू मून'मध्ये, कलेन कुटुंब बेलाला व्हँपायर करावं का यावर चक्क मतदान घेतं. त्याच घरातली रोझली विरोधात मत देते. ती मरत असताना कुणीही तिला न विचारता बदललं होतं, आणि जे साधं, म्हातारं होणारं, लेकराबाळांचं आयुष्य तिला हवं होतं ते कायमचं गेलं. पहिल्या वाचनात ती खडूस वाटते. पुन्हा वाचलं की कळतं, घरात खरं बोलणारी तीच होती.

धार्मिक पालकांनी या पुस्तकांना विरोध केला, तो का?

'ट्वायलाइट' मालिका २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पहिल्या दहा पुस्तकांत होती. नोंदवलेल्या कारणांत धार्मिक दृष्टिकोनही होता. म्हणजे काहींना हे पुस्तक फार सोवळं वाटलं आणि काहींना अधार्मिक.

माझी मुलगी हेच वाचते. काळजी करू का?

पुस्तक काढून घेऊ नका, ती दुसरीकडून मिळवेल. आधी तुम्ही वाचा. मग उपदेश न करता एकच प्रश्न विचारा: "तुझ्या मैत्रिणीचा मित्र असं वागला असता तर तू तिला काय सांगितलं असतंस?" उत्तरं बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा बरीच शहाणी निघतात. पानावर आवडणं आणि जगण्यात चालवून घेणं यातला फरक मुलींना कळतो. तो शब्दांत मांडायची संधी मात्र कुणीतरी द्यावी लागते. आणि तिला पुस्तकातला आत्म्याचा प्रश्न खरंच पडला असेल, तर "ती गोष्टच आहे गं" म्हणून उडवून लावू नका. कदाचित ती तुमच्याशी पहिल्यांदाच देवाबद्दल बोलत असेल.

मला अशी कादंबरी लिहायची आहे. श्रद्धेचा भाग कसा आणू?

आधी तुमच्या जगाचे नियम स्वतःपुरते लिहून काढा. मेल्यावर काय होतं? शपथ मोडली तर काय होतं? प्रार्थना ऐकली जाते का? वाचकाला सगळं सांगू नका, पण तुम्हाला माहीत हवं. नाहीतर शेवटच्या पन्नास पानांत, अडचण सोडवायला, तुम्ही नवा नियम शोधून काढाल. या प्रकारातल्या कादंबऱ्या सर्वांत जास्त इथे फसतात. तीन खंड सांगायचं की हे केलं तर परतीची वाट नाही, आणि चौथ्या खंडात वाट सापडते. वाचक आनंदतो आणि महिनाभरात विसरतो.

श्रद्धाळू पात्र एकटं ठेवू नका. पाद्री, पुजारी किंवा आजी म्हणजे एकतर धर्मवेडी नाहीतर देवमाणूस, असा साचा पडलेला आहे. एकाच धर्मातली दोन माणसं वेगळं म्हणतात असं दाखवा. कार्लाइल आणि त्याचा बाप दोघेही श्रद्धाळू होते. बाप व्हँपायर समजून निरपराध माणसांना जाळत होता.

पेच खरा हवा असेल तर दोन्ही बाजूंना काहीतरी चांगलं ठेवा. "त्याला वाचवू की जगाला?" हा पेच वाटतो, पण नसतो, कारण वाचकाला माहीत असतं की दोघंही वाचणार. त्यापेक्षा लहान पेच घ्या. आईला दिलेला शब्द मोडायचा का? जो कबुलीजबाब तिने चोरून ऐकला, तो त्याला सांगायचा का? आणि निवड झाल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहा. तिने जे सोडलं ते कुठे दिसतं, कोण तिच्याशी बोलेनासं झालंय, प्रार्थनेला बसल्यावर आता तिला काय सुचत नाही, हे सगळं.

मी देव मानत नाही. मला यात काही मिळेल का?

मिळेल. लीयापासून सुरुवात करा.